पाटी उलटी करून बघा

'फिशमील, म्हणजे खाद्यात घालायचं माशांचं पीठ, टाकाऊ मासळीचंच करतात, मग बिघडलं कुठे?' असं काहीजण विचारतात. टाकाऊ म्हणजे काय, ते मुंबईच्या ससून डॉक बंदरावर मासळीची पाटी (टोपली) उलटी केल्यावरच कळतं. डोकी-काट्यांचं पीठ वेगळं, ट्रॉलच्या (बोटीमागून ओढायच्या) जाळ्यात आलेल्या पिल्लांचं वेगळं. साधारण साडेचार किलो ओल्या मासळीतून जेमतेम किलोभर पीठ निघतं. महाराष्ट्र राज्याने पकडायच्या पापलेटची किमान लांबी 135 मिमी, बोंबलाची 180 मिमी ठरवली आहे. ढिगातले दहा मासे पट्टीला लावा, आखूड निघाले तर ती पिल्लंच. पीठ घेताना पुरवठादाराकडे माशाची जात, जाळं, बंदर यांची बोटवार नोंद मागा. नुसतं 'मिक्स' लिहिलेला माल मी तरी घेणार नाही. आणि बर्फाचंही विचारा: बांगडा, तारली उन्हात राहिली की हिस्टामाइन (बिघडत्या मासळीत तयार होणारं अपायकारक रसायन) वाढतं, ते मग वाफेवर शिजवूनही जात नाही.