सप्टेंबरपासून रात्री थंडच होत नाहीयेत, यावरून हिवाळ्याचा काही अंदाज बांधता येतो का?

पारावरचा

नमस्कार मंडळी. मला तापमान लिहून ठेवायचा नाद आहे, चौथं वर्ष चालू आहे. बाल्कनीच्या भिंतीवर एक डिजिटल तापमापी टांगलाय, त्यात कमाल आणि किमान साठून राहतं, ते रोज वहीत उतरवायचं, शेजारी आभाळ कसं होतं ते लिहायचं आणि बटण दाबून रीसेट करायचं, बस एवढंच. घरचे हसतात पण आता सवय झालीय.

तर काल रात्री सप्टेंबर-ऑक्टोबरचा हिशोब घातला आणि चक्रावलोच. आधीच्या तीन वर्षांच्या सरासरीपेक्षा यंदाचं किमान २.१ अंशांनी वर आहे आणि कमाल ०.९ ने. म्हणजे दिवस जरासे गरम पण रात्री भलत्याच उबदार, जाड पांघरूण अजून कपाटातून बाहेरसुद्धा निघालं नाहीये.

आता प्रश्न असा की याचा हिवाळ्याशी काही संबंध लावता येतो का? निम्मे लोक सांगतात शरद गरम तर हिवाळाही गरमच, बाकीचे सांगतात आत्ता उकडतंय म्हणजे नंतर सगळं व्याजासकट वसूल होणार, कडाक्याची थंडी पडणार. दोन्हीकडचे लोक इतक्या खात्रीने बोलतात की काय बोलावं कळत नाही. मला कुंड्या आत कधी घ्यायच्या तेही ठरवायचंय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

उंटावरचा शहाणा

भिंतीवर??? अहो साहेब, भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्रभर ओकते. तुम्ही हवेचं नाही, विटांचं तापमान लिहिताय. रात्री उबदार दिसणारच!

हवा मोजायची तर तापमापी सावलीत, चारी बाजूंनी वारा लागेल असा, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर हवा. वेधशाळेत ती झडपांची पांढरी पेटी असते ना, ती याचसाठी. थॉमस स्टीवन्सन नावाच्या दीपगृह बांधणाऱ्या इंजिनिअरने १८६० च्या दशकात काढली, म्हणजे त्या लेखक रॉबर्ट लुई स्टीवन्सनचे वडील. पेटी नसेल तर प्लास्टिकच्या पांढऱ्या बशा उपड्या, मधे बोटभर फट ठेवून एकावर एक बसवा, वरची सोडून बाकीच्यांना मधे भोक पाडा आणि त्या पोकळीत सेन्सर. घरगुती कामाला चालतं.

आणि आधी बर्फाची टेस्ट करा. बर्फ बारीक कुटायचा, त्यात पाणी घालून दाट काला करायचा, सेन्सर पातळ पिशवीत गुंडाळून त्यात बुडवायचा आणि मधून मधून ढवळत दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. शून्य दाखवलं तर ठीक. माझा ०.८ दाखवत होता आणि मी दोन वर्षं लोकांशी भांडत होतो.

गच्चीवरची

शहाणे, बशांचं बरोबर आहे पण तुमचा मुद्दा इथे लागू होत नाही. भिंत चारही वर्षं तीच आहे ना? मग ती दर वर्षी तेवढंच खोटं बोलणार. यंदाच्यातून आधीचं वजा केलं की ते खोटं दोन्हीकडून निघून जातं. तुमच्या ०.८ चंही तेच, आकडा चुकीचा पण फरक बरोबर. फरक बघायचा असेल तर वाईट जागा चालते, बदललेली जागा चालत नाही.

म्हणून पारावरचे, प्रश्न हा की यंदा काय बदललं? तापमापी सरकवला? भिंतीला रंग दिला? जवळ कोणाच्या एसीचं बाहेरचं युनिट बसलं? आणि रीसेट किती वाजता करता, दर वर्षी त्याच वेळेला का?

पारावरचा

जागा तीच, रंग तोच, एसी नाही. रीसेटची वेळ मात्र बदललीय. आधी सकाळी ७ ला करायचो, उन्हाळ्यात कामाची वेळ बदलली तेव्हापासून घरी आल्यावर संध्याकाळी साडेपाचला करतो. पण त्याने काय फरक पडणार, चोवीस तास ते चोवीस तासच ना?

गच्चीवरची

सापडलं 😄

अहो फरक पडतो आणि चांगलाच पडतो. समजा सोमवारी पहाटे मस्त थंडी पडली, ८ अंश. तुम्ही ७ वाजता ते लिहिलं आणि रीसेट दाबलं. पण रीसेट दाबलं त्या क्षणी हवा अजून साडेआठ-नऊच आहे, म्हणजे नव्या चोवीस तासांची सुरुवातच नऊपासून झाली. मंगळवारची पहाट उबदार गेली, १३ अंश. तरी मंगळवारी सकाळी तापमापी किमान किती दाखवणार? तेच नऊ! एकच थंड पहाट दोनदा वहीत गेली. उलटं कधी होत नाही, उबदार पहाट दोनदा मोजली जात नाही. म्हणजे तुमच्या जुन्या तीन वर्षांची किमानं खऱ्यापेक्षा खाली आहेत.

आता संध्याकाळचं बघा. गरम दिवस, साडेपाचला अजून ३० अंश, रीसेट केलं. दुसऱ्या दिवशी आभाळ आलं, २६ च्या वर गेलंच नाही, पण तापमापी कमाल ३० सांगणार कारण सुरुवातच ३० पासून होती. म्हणजे यंदाची कमालं खऱ्यापेक्षा वर. जुनं किमान खाली ओढलेलं, नवं कमाल वर ढकललेलं, मग दोन्हीचा फरक गरम दिसणार नाहीतर काय.

हे काही तुमच्या एकट्याच्या वहीत झालेलं नाही. अमेरिकेत हजारो हौशी लोक नोंदी ठेवायचे, आधी बरेचसे संध्याकाळी वाचायचे, मग विसाव्या शतकात हळूहळू सकाळी वाचायला लागले, आणि कच्च्या आकड्यांत देश उगाचच थंड झाल्यासारखा दिसायला लागला. तो फरक काढून टाकायला हवामानवाल्यांना वेगळी दुरुस्ती करावी लागते. तुमचं त्याच्या बरोब्बर उलट झालंय.

तापमापीला ॲप आहे का? दर तासाचे आकडे मिळाले तर यंदाचा हिशोब सकाळी ७ ते ७ असा पुन्हा घाला, म्हणजे जुन्या वर्षांशी सारख्याला सारखं होईल.

शेवटचा बाक

एवढं कशाला डोकं लावताय, केसाळ सुरवंट शोधा. मधला तपकिरी पट्टा रुंद असेल तर हिवाळा सौम्य, काळं जास्त असेल तर कडक. अमेरिकेत म्हणे एका म्युझियमच्या कीटकतज्ज्ञाने मोजून बघितलं होतं.

उंटावरचा शहाणा

बघितलं होतं, १९४८ पासून काही वर्षं, चार्ल्स करन नाव त्यांचं, न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधले. पण सुरवंट मूठभरच. आणि सुरवंटाचा पट्टा तो किती मोठा झालाय, त्याचं आधीचं खाणंपिणं आणि हवामान कसं होतं त्यावर ठरतो. म्हणजे तो झालेल्या ऋतूची गोष्ट सांगतो, येणाऱ्या नाही. एका अर्थी पारावरच्यांच्या वहीसारखाच.

दवबिंदू

धागा मस्त चाललाय, एक भर घालतो. रीसेटचा घोळ काढल्यावरही रात्री उबदार उरल्या तर आभाळाचा रकाना उघडा. रात्री जमीन आपली उष्णता वर सोडते, आभाळ निरभ्र असलं तर ती निसटून जाते, ढग असले की त्यातली बरीचशी परत खाली येते. शिवाय हवेत ओलावा जास्त असला तर तापमान दवबिंदूपर्यंत उतरलं की दव पडायला लागतं, आणि वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे घसरण तिथेच रेंगाळते. म्हणून संध्याकाळी दवबिंदू बघितला की पहाटेच्या किमानाचा बऱ्यापैकी अंदाज येतो (माझं नाव उगाच नाही).

तेव्हा निरभ्र रात्री वेगळ्या काढा, ढगाळ वेगळ्या, आणि निरभ्र रात्रींची तुलना फक्त जुन्या निरभ्र रात्रींशी करा. त्या तेवढ्याच थंड असतील तर यंदा हवा फार गरम झालेली नाही, ढग जास्त आलेत इतकंच. आणि ढग काही डिसेंबरपर्यंत मुक्कामाला राहत नाहीत.

पारावरचा

अख्खा रविवार गेला यात पण मजा आली.

ॲप होतं, मी आजवर उघडलंच नव्हतं, मागच्या तीन महिन्यांचे तासातासाचे आकडे निघाले. ७ ते ७ धरून पुन्हा हिशोब घातला तर किमानाचा फरक २.१ वरून १.३ वर आला आणि कमालाचा ०.९ वरून ०.२. म्हणजे दिवसाची गरमी बहुतेक माझ्या बटणाची होती!

मग दवबिंदूंनी सांगितलं तसं रात्री वेगळ्या केल्या. ६१ पैकी ३४ ढगाळ, आधीच्या वर्षांत सरासरी २१ असायच्या. निरभ्र रात्री जुन्या निरभ्र रात्रींपेक्षा फक्त ०.४ ने वर. वहीचं ते पान तीनदा खोडलंय, आता वाचता येत नाही.

पण मूळ प्रश्न राहिलाच की. समजा खरंच दोन-तीन अंश गरम असतं, तर हिवाळ्याबद्दल काही कळलं असतं का?

उंटावरचा शहाणा

थोडंसं. 'व्याजासकट वसूल' वाल्यांचं आधी मिटवून टाकू, हवा असा खतावणीचा हिशोब ठेवत नाही. गरम शरदानंतर थंड हिवाळा यावा असा काही नियम नाही. 'गरम तर गरम' वाल्यांच्या बाजूने थोडं बोलता येतं पण ते हवेमुळे नाही, पाण्यामुळे. समुद्राच्या वरच्या जेमतेम अडीच-तीन मीटर पाण्यात वरच्या सगळ्या वातावरणाइतकी उष्णता मावते. हवा आठवड्याभरात सगळं विसरते, समुद्र महिनोन्‌महिने विसरत नाही. म्हणून जवळचा समुद्र शरदात गरम असला तर हिवाळ्याची सुरुवात सौम्य होण्याकडे कल असतो, पुढे पुढे तो कमी होतो.

दुसरा समुद्र म्हणजे प्रशांत महासागर, विषुववृत्ताच्या ५ अंश उत्तर ते ५ अंश दक्षिण आणि १७० ते १२० अंश पश्चिम हा चौकोन. तिथलं पाणी सरासरीपेक्षा अर्धा अंश किंवा जास्त गरम होऊन तसंच टिकलं की एल निनो, तेवढंच थंड राहिलं की ला निना. हे नोव्हेंबरपर्यंत बऱ्यापैकी स्पष्ट झालेलं असतं, म्हणून लांब पल्ल्याच्या अंदाजातला हा सगळ्यात भरवशाचा गडी. पण काही प्रदेशांत त्याचा हिवाळ्यावर ठसठशीत परिणाम होतो आणि काही ठिकाणी ढिम्म फरक पडत नाही, तेव्हा आपल्या भागात आधी काय काय झालं ते बघितल्याशिवाय त्यावर बोलू नये.

आणि मग जानेवारी-फेब्रुवारीत येतो ध्रुवीय भोवरा, सगळ्यांचे अंदाज उधळणारा. उत्तर ध्रुवाभोवती साधारण ३० किलोमीटर उंचीवर हिवाळाभर पश्चिमेचे जोरदार वारे फिरतात. दहातल्या सहाएक हिवाळ्यांत वरची हवा काही दिवसांत एकदम तापते, ते वारे मंदावून उलटे फिरतात, आणि पुढचे काही आठवडे थंड हवा खाली सरकायची शक्यता वाढते. फेब्रुवारी २०१८ मध्ये असंच झालं आणि महिनाअखेर युरोप गारठला. शरदातल्या तापमानावरून हे ओळखता येत नाही. सायबेरियातला ऑक्टोबरचा बर्फ किती लवकर पसरतो त्यावरून सांगायचा प्रयत्न झालाय, कधी जुळलं, कधी सपशेल फसलं.

२०२३ चंच बघा. कोपर्निकस या युरोपच्या हवामान सेवेच्या आकड्यांत तो सप्टेंबर जगभराच्या हिशोबाने १९९१-२०२० च्या सरासरीपेक्षा ०.९३ अंशांनी वर होता, तोवरचा सगळ्यात गरम सप्टेंबर, वर एल निनो. हिवाळाही जगाच्या सरासरीत विक्रमी उबदार गेला. आणि त्याच हिवाळ्यात जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला उत्तर स्वीडनमध्ये पारा उणे ४० च्या खाली! 'उबदार हिवाळा' हा अंदाज बरोबर होता हे तिथल्या माणसाला सांगून बघा.

गच्चीवरची

+१, आणि कुंड्यांसाठी तेच महत्त्वाचं. झाडं सरासरीने मरत नाहीत, एका रात्रीने मरतात. त्यासाठी मोसमी अंदाज नकोच, पाच दिवसांचा अंदाज आणि संध्याकाळचं आभाळ बघा. निरभ्र, वारा पडलेला, दवबिंदू खाली, की कुंड्या आत.

मोसमी अंदाज वाचणार असाल तर एक सांगते. 'सरासरीपेक्षा उबदार, ४० टक्के' असं लिहिलेलं असतं तेव्हा तीन खाने धरलेले असतात, थंड, मधला आणि उबदार, काहीच माहिती नसेल तर प्रत्येकाला ३३. म्हणजे ४० ही जेमतेम झुकती तागडी आहे, उरलेले ६० दुसऱ्या दोन खान्यांत असतात. लोक ४० बघून स्वेटर बांधून ठेवतात.

आणि तुमची तीन वर्षांची सरासरी ही सरासरी नव्हे हो. त्यात एक विचित्र वर्ष असलं तरी सगळं वाकडं होतं. उगाच ३० वर्षांची धरत नाहीत. जवळच्या वेधशाळेची १९९१-२०२० ची मासिक सरासरी मिळवा, वेधशाळा आणि तुमची भिंत यांच्यातला नेहमीचा फरक काढा, मग बोलू.

शेवटचा बाक

म्हणजे सुरवंट नकोच का

दवबिंदू

सुरवंट ठेवा, फोटो टाका, निदान धागा वर राहील.

पारावरचा

सगळ्यांचे आभार. वहीच्या शेवटच्या पानावर अंदाज लिहून ठेवलाय, तारखेसकट, खोडायचा नाही असं ठरवून: डिसेंबर उबदार खान्यात, ४५ टक्के. जानेवारी-फेब्रुवारी, ३३-३३-३३ (उरलेला एक टक्का सुरवंटाला). मार्चमध्ये धागा वर काढून निकाल देईन.

बर्फाची टेस्टपण केली, ०.३ आला. बशा आणल्यात, भोकं पाडायचीयेत.

गच्चीवरची

थांबा थांबा, बशांत आत्ता हलवू नका, चार वर्षांचा धागाच तुटेल! दुसरा तापमापी घ्या, तो बशांत लावा, जुना भिंतीवरच राहू द्या, वर्षभर दोन्ही लिहा.

पारावरचा

नशीब, हातात ड्रिलच होतं. दुसरा मागवतो.

उंटावरचा शहाणा

आणि रीसेट?

पारावरचा

सकाळी ७. बायकोला सांगून ठेवलंय, ती म्हणाली बटण दाबेन पण वहीत लिहिणार नाही.