दुसऱ्या डाइव्हला तेवढा वेळ नसतो

वर एकांनी लिहिलंय, स्कूबा डाइव्हिंगमध्ये १८ मीटर खोलीवर ५६ मिनिटं राहता येतं, म्हणजे अंदमानातल्या हॅवलॉकला (आताचं स्वराज द्वीप) दिवसात तीन डाइव्ह आरामात होतील. अहो, ५६ ही पाडी (PADI) या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यातली पहिल्या डाइव्हची मर्यादा! खाली श्वासातून अंगात मुरलेला नायट्रोजन वर आल्यावरही उरलेला असतो, त्यामुळे पुढच्या डाइव्हला वेळ कमीच मिळतो. ३० मीटरला तर पहिल्यांदाच जेमतेम २० मिनिटं. मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर हा हिशोब ठेवतो, पण दिवसभर तोच एक तुमच्या हातावर हवा. भाड्याचा कॉम्प्युटर दुपारी बदलला, तर नव्याला तुमची सकाळची डाइव्ह ठाऊकच नसते. कृपा करून कॉम्प्युटरवरचा उरलेल्या मिनिटांचा आकडा शून्यावर येईपर्यंत खाली रेंगाळू नका. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबाच. आणि याच नायट्रोजनमुळे पोर्ट ब्लेअरहून (आताचं श्री विजयपुरम) परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तासांनी घ्या.