मुलीने मानवशास्त्रात एम.ए. केलंय. बी.एड. की वाड्यांवरची नोकरी?

हापूसवाला_जामसंडे

नमस्कार मंडळी. आमची कलमं देवगड तालुक्यात, घर जामसंड्याला. मुलगी समाजशास्त्र घेऊन बी.ए. झाली आणि मग पुण्याला विद्यापीठात मानवशास्त्रात, म्हणजे अँथ्रोपॉलॉजीत, एम.ए. केलं. यंदा निकाल लागला, मार्क चांगले आहेत. आता रायगडातल्या एका संस्थेत काम मिळतंय. अकरा महिन्यांचा करार, कातकरी वाड्यांवर फिरून माहिती गोळा करायची. पगार सांगितला तो मी मे महिन्यात पेट्या भरणाऱ्या पोराला देतो त्याच्या आसपासच.

माझं म्हणणं, आधी बी.एड. करून घे, मग काय ते बघू. ती म्हणते, बी.एड. करून शिकवू काय? आणि आमची आई रोज संध्याकाळी विचारते, "ह्यां शिकान ती करतली काय?" मला उत्तर देता येत नाही. पेपरात जाहिराती बघतो. फार्मासिस्ट पाहिजे, अकाउंटंट पाहिजे, जेसीबी ऑपरेटर पाहिजे. मानवशास्त्रवाला पाहिजे असं आजवर वाचलेलं नाही. या विषयातलं कोणी असेल तर जरा सविस्तर सांगा. पोरीला समजवू नका, ती ठाम आहे. मला समजवा.

तयारी_चालू_आहे

काका, यूपीएससी! मानवशास्त्र म्हणजे हुकमी ऑप्शनल. अभ्यासक्रम आटोपशीर, दोन पेपर, 500 गुण. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही 2025 पासून वर्णनात्मक झाली, तिथेही ऑप्शनल आलाय. तिची निम्मी तयारी झालेलीच आहे. दोन वर्षं पुण्यातच ठेवा.

खाडीपलीकडची

आधी वरच्या दादांना. यूपीएससीची मुख्य लेखी परीक्षा 1750 गुणांची, त्यात ऑप्शनलचे 500. उरलेल्या 1250 गुणांसाठी तिला इतरांइतकंच घासावं लागणार, आणि त्याआधी पूर्वपरीक्षा आहेच. मुलीलाच प्रशासनात जायचं असेल तर खुशाल जावं. पण "विषय सोपा पडतो" म्हणून कोणी पेठेत खोली घेऊन बसू नये. तसे पुष्कळ पाहिलेत.

आता काका तुम्हाला. मी रत्नागिरी तालुक्यातली, जयगड खाडीकडची. याच विषयात एम.ए. केलं आणि बरीच वर्षं याच कामावर पोट भरतेय. माझ्या कार्डावर मानवशास्त्रज्ञ असं कधीही छापलेलं नव्हतं. रिसर्च असोसिएट झाले, फील्ड को-ऑर्डिनेटर झाले, मग सोशल सेफगार्ड स्पेशालिस्ट, म्हणजे प्रकल्पामुळे लोकांचं नुकसान होऊ नये हे बघणारी. तुम्ही जाहिराती शोधताय विषयाच्या नावाने, त्या निघतात कामाच्या नावाने. मुलीला ही नावं टाकून शोधायला सांगा.

बी.एड.बद्दल मुलीचं बरोबर आहे. शाळेत मानवशास्त्र हा विषयच नाही, त्यामुळे बी.एड. केलं तरी ती शिकवणार इतिहास नाहीतर मराठी, तेही बी.ए.ला ते विषय असतील तर. कॉलेजात शिकवायचं असेल तर त्यासाठीची पात्रता परीक्षा, नेट, द्यावी. ती मानवशास्त्रात देता येते.

सरकारात खास आमच्या विषयाची जागा म्हणजे भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षण. 1945 साली स्थापन झालं, मुख्यालय कोलकात्याला, आपल्याला जवळचं केंद्र नागपूरला. सहायक मानवशास्त्रज्ञ वगैरे पदं यूपीएससीमार्फत भरतात, पण मोजकीच असतात आणि सांस्कृतिक आणि शारीरिक अशा शाखा वेगळ्या मोजतात. तिची शाखा कोणती ते बघून ठेवा. हाडं, मोजमापं, डीएनए यात रस असेल तर न्यायवैद्यक शास्त्राकडे वाट जाते, पण त्यातलं मला खोलात ठाऊक नाही. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. जमातीचे दाखले तपासणाऱ्या समित्यांकडे संशोधन अधिकारी असतात. हे काम कसं चालतं ते तुमच्या जिल्ह्यातलं उदाहरण घेऊन सांगते. कुडाळच्या पिंगुळीतले ठाकर, चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगणारे) आणि कळसूत्री बाहुल्यांवाले. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणेंना 2021 साली पद्मश्री मिळाली. समजा अशा घरातला मुलगा इंजिनिअरिंगला लागला आणि दाखल्याची पडताळणी आली. अधिकारी विचारणार, कुलदैवत कोणतं, लग्नात काय करता, मयताचं काय करता. याला आप्तभाव चाचणी म्हणतात. मुंबईत वाढलेल्या पोराला आज्याच्या काळचे विधी कुठून सांगता येणार? सुप्रीम कोर्टाने मार्च 2023 मध्ये स्पष्ट केलं की ही चाचणी अंतिम कसोटी मानता येणार नाही. तिथे बसलेल्या माणसाला चालीरीती बदलतात कशा हे कळत असेल तर एका मुलाचं वर्ष वाचतं. मला विचाराल तर अशा खुर्चीत आमच्या विषयातलं माणूस असावं.

पण माझ्यासारख्यांचं बहुतेक पोट चालतं ते जमीन, प्रकल्प आणि योजनांवर. 2013 च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आला. जागतिक बँकेसारख्यांचं कर्ज घेतलं की त्यांच्या अटींप्रमाणे कोण विस्थापित होणार, कोणाला काय द्यायचं याची पाहणी लागते. ही नवी टूम नव्हे. ज्या कोयनेचं पाणी वीज करून आमच्या वाशिष्ठीत उतरतं, तिथल्या धरणग्रस्तांची पाहणी इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी साठच्या दशकातच केली होती.

कोकणात या कामात गंमत येते ती सातबाऱ्यामुळे. तुम्हाला काय सांगायचं, तुमच्याही सातबाऱ्यावर चुलत्यांची रांग असेल. एका संपादनाच्या कामात मी एका खोतकीतल्या घरी बसले होते. सातबाऱ्यावर खूप नावं, त्यातली निम्मी माणसं वारलेली, वारस नोंदी नाहीत. कंपनीच्या इंजिनिअरने फॉर्म दिला होता: "मालकाचे नाव", एक ओळ. मी वहीच्या मधल्या जोडपानावर त्रिकोण आणि गोल काढायला लागले. त्रिकोण पुरुष, गोल स्त्री, आडवी रेघ लग्नाची, उभी मुलांची. एम.ए.च्या पहिल्या वर्षी हेच गिरवलं होतं. घरातल्या काकी चहा ठेवून शेजारी बसल्या आणि एकेक नाव सांगायला लागल्या. खालच्या ओळीत आल्या तेव्हा कळलं की दोन बहिणींची नावं सातबाऱ्यावर कधी चढलीच नाहीत, एक सावर्ड्याला दिलेली, दुसरी लालबागला. वरच्या ओटीवरचे पुरुष तोवर अमक्यालाच पैसे मिळणार म्हणून वाद घालत होते. त्या दोन गोलांचा हिस्सा त्यांच्या हिशेबात नव्हता. वंशावळ तलाठ्याकडेही असते, पण काकींनी ती तलाठ्याला सांगितली नसती.

दुसरं, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून दोराने ओढायचं मोठं जाळं. मालवणच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या सर्व्हेत प्रश्न होता, "जाळ्याचा मालक कोण?" रापणीला एक मालक नसतोच, रापण संघ असतो. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे, सगळं ठरलेलं. दोर ओढायला हात लावला तरी वाटा मिळतो. फॉर्मात चौकट एकच, म्हणून सर्व्हे करणाऱ्या पोरांनी ज्याने उत्तर दिलं त्याचंच नाव मालक म्हणून लिहिलं. मग मदतीची यादी निघाली तेव्हा भांडणं झाली. असा फॉर्म गावात जायच्या आधी वाचून "हा प्रश्न इथे चालणार नाही" असं सांगणारं माणूस लागतं. तसंच "कुटुंबात माणसं किती?" हा प्रश्न. आपल्याकडे तो फेब्रुवारीत विचारा आणि गणपतीत विचारा, उत्तर एक येणार नाही.

बाकी वाटा थोडक्यात. मुंबई, पुणे, बंगळुरूच्या कंपन्यांत यूजर रिसर्च, म्हणजे लोक ॲप कसं वापरतात ते बसून बघायचं. पैसा तिथे सगळ्यात चांगला. लोकसंख्या आणि आरोग्याकडे जायचं तर देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. कांदळवन आणि मच्छीमारी पट्ट्यातल्या प्रकल्पांना गाव समजणारी माणसं लागतात. कुठेही गेली तरी नुसत्या पदवीवर भागत नाही. जोडीला एक पक्कं कौशल्य हवं: आकडेवारीचं सॉफ्टवेअर, जीआयएस नकाशे, नाहीतर स्वच्छ इंग्रजी अहवाल. गावात तासन्‌तास बसणारी मुलं पुष्कळ असतात. परत येऊन चाळीस पानांचा अहवाल वेळेत देणारी हातावर मोजण्याइतकी.

राजापूरचा_सडा

ताईंनी कातळशिल्पं, म्हणजे सड्यावरच्या उघड्या कातळात कोरलेली जुनी चित्रं, कशी विसरली? 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आलीत. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, आणि तुमच्या सिंधुदुर्गातलं कुडोपी. कोरली कधी ते पुरातत्त्ववाले बघतील. पण सडा कोणाच्या मालकीचा, गुरं कोणाची चरतात, पर्यटक आले तर पार्किंगचे पैसे कोणी घ्यायचे, यावर आमच्याकडे आत्ताच कुजबुज सुरू आहे. त्यात तुमच्या मुलीसारखं कोणी हवं.

कोकणी_मिरची

एवढं शिकून गावोगावी फॉर्मच भरायचे ना? ते आशाताई पण भरतात.

खाडीपलीकडची

भरतात, आणि पुष्कळदा आमच्यापेक्षा चांगले भरतात. गावात शिरल्यावर पहिली भेट त्यांचीच घ्यावी.

हापूसवाला_जामसंडे

ताई, सगळं दोनदा वाचलं. त्रिकोण-गोलाचं आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "मगे ह्यां तर माका पण येता." आमच्या सातबाऱ्याचं बोलायलाच नको.

आता खरं विचारतो. रायगडची नोकरी घेऊ द्यावी का? पगाराचं एक वेळ ठीक, ती राहणार कुठे, वाडीवर रात्री-बेरात्री जाणार का, ही काळजी आहे. आणि अकरा महिन्यांनी काय?

खाडीपलीकडची

घेऊ द्या, पण आधी चार गोष्टी लेखी मागायला सांगा.

राहण्याची सोय तालुक्याच्या गावी आहे का. प्रवासभत्ता पगारात धरलाय की वेगळा, कारण वाड्या डोंगराच्या पोटाशी असतात, एसटी फाट्यापर्यंतच जाते, पुढे रिक्षा केली की पगार तिथेच संपतो. सोबतीला दुसरी बाई कार्यकर्ती आहे का. आणि अहवालावर तिचं नाव येणार का. शेवटचं मागायला मुली लाजतात, आणि नाव नसलं की पुढच्या नोकरीत दाखवायला काही उरत नाही. मी एका संस्थेत दोन पावसाळे काम केलं, अहवाल छापून आला तर त्यात माझं नाव आभारातसुद्धा नव्हतं.

मग विचारा, काम कोणत्या महिन्यांत आहे. कातकरी दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर निघून जातात, पावसाच्या तोंडावर परततात. संस्था जानेवारीत वाड्यांची पाहणी करणार असेल तर कुलूपं मोजून येईल. मुलीने मुलाखतीत हे विचारलं आणि समोरच्याकडे नीट उत्तर असलं, तर संस्था काम जाणणारी आहे असं समजा. कातकरी हे महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्राची पीएम-जनमन योजना अशाच गटांसाठी सुरू झाली. घरं, दाखले, रस्ते, सगळ्याला आधी वाड्यांची खरी माहिती लागते. त्यामुळे या विषयातला एक वर्षाचा अनुभव वाया जाणार नाही.

रात्रीचं म्हणाल तर जावं लागतं. दिवसा मोठी माणसं मजुरीला गेलेली असतात, बोलायला संध्याकाळीच भेटतात. सहा ते आठ ही आमची कामाची वेळ. म्हणून परतीच्या गाडीचं आधी ठरवायला सांगा.

अकरा महिन्यांनंतर दुसरा करार, दुसरी संस्था, किंवा पीएच.डी. पहिली काही वर्षं असंच चालतं, गोड बोलून सांगत नाही. तेवढी वर्षं घरातून कोणी "बी.एड. केलं असतंस तर" असं म्हणणार नाही, एवढं बघा.

करारपत्र हातात आलं की भत्त्याचं आणि नोटीस पिरियडचं कलम इथे टाका, संस्थेचं नाव झाकून. मी वाचून सांगते.