'कॅन्सर सर्व्हायव्हर'ला मराठीत काय म्हणावं?

सातपूरकर: नाशिकच्या सातपूर-अंबडला कामाला आलेल्या आणि कॅन्सरचे उपचार घेतलेल्या लोकांसाठी आम्ही काहीजण महिन्यातून एकदा बैठक घेणार आहोत. बिहार-उत्तर प्रदेशातली कुटुंबं आहेत, खानदेशातली तर कितीतरी. पत्रकात 'स्थलांतरित कर्करोग-विजेत्यांसाठी भावनिक आधार' असं लिहिलंय, पण ते मलाच परकं वाटतंय. काय लिहावं?

पंचवटीकर: 'विजेता' नकोच. मग ज्याचा आजार उलटला तो हरला का? 'वाचलेले' म्हटलं की न वाचलेले डोळ्यांपुढे येतात. आणि 'आजारातून सुटलेले' असं तर चुकूनही लिहू नका. 'सुटला बिचारा' आपण कोणाबद्दल म्हणतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

'कर्करोगमुक्त' ऐकायला बरा, पण अपुरा. फिट्झह्यू मलन या अमेरिकन डॉक्टरला स्वतःला कॅन्सर झाला होता. त्यांनी १९८५ साली मांडलं की निदान होतं त्या दिवसापासूनच माणसाचं हे तगून राहणं सुरू होतं. म्हणजे ज्याची केमो चालू आहे तोही सर्व्हायव्हरच. 'मुक्त' लिहिलंत तर तो बिचारा दारातूनच परत जाईल.

सिडकोकर: 'स्थलांतरित' हा सरकारी कागदावरचा शब्द, आणि 'परप्रांतीय' तर बोचतोच. 'कामाधंद्यासाठी नाशिकला आलेले' एवढं पुरे.

माझा मुद्दा 'भावनिक आधार'बद्दल आहे. आमची आई अहिराणी बोलते. ऑपरेशननंतर समुपदेशक बाईंनी विचारलं, "भावनिकदृष्ट्या कसं वाटतंय?" आई म्हणाली, "बरं आहे." संपलं. त्याच संध्याकाळी शेजारच्या, धुळ्याकडच्या आजींनी दारातच विचारलं, "जीवले कसं वाटस माय?" आणि आई बोलायलाच लागली. एका नातेवाइकांकडे तिला वेगळं ताट, वेगळी वाटी दिली होती. ते आम्हाला घरात कुणालाच माहीत नव्हतं! सोबत जेवल्याने कॅन्सर होत नाही, हे तुमच्या पत्रकात ठळक अक्षरांत हवं.

इंदिरानगरकर: अगदी खरं. मन दुखतंय असं आपली माणसं सरळ सांगत नाहीत. पोटात कालवतंय, छातीत धडधडतंय, झोप लागत नाही, असं सांगतात. हिंदी बोलणारा "जी घबरा रहा है" म्हणाला, तर त्याला नुसती भीती वाटतेय असं धरू नका. मळमळतही असेल. पुढे विचारावंच लागतं. ऐकणारा त्याच्या बोलीतला असला तर उत्तमच.

न्यू जर्सीतून, मूळची नाशिकरोडची: इकडे सरकारी मदत घेणाऱ्या रुग्णालयांना दुभाषी फुकट द्यावा लागतो, आणि तातडीचा प्रसंग सोडला तर लहान मुलांना दुभाषी म्हणून वापरायला बंदी आहे. तिकडे मात्र शाळेत मराठी शिकलेली दहा-बारा वर्षांची पोरच आईचा रिपोर्ट समजावून सांगते. तिने तो शब्द स्वतःच्या तोंडाने आईला सांगायचा? बैठकीत एक मोठं माणूस या कामासाठी ठेवाच.

सातपूरकर: सगळ्यांचे मनापासून आभार. नवा मसुदा असा: 'कॅन्सर झालेल्या आणि त्यातून सावरणाऱ्या सगळ्यांसाठी. उपचार संपले असोत वा चालू असोत. आपल्या बोलीत बोला, घरच्यांनाही आणा.' 'कर्करोग' काढून 'कॅन्सर' ठेवलंय, हिंदीवाल्यांनाही कळतं. रेडिएशनला सगळे 'शेक'च म्हणतात, तर तेवढंच लिहू का?

सिडकोकर: 'सावरणाऱ्या' छान बसलाय, तोच ठेवा. पण 'शेक' एकटा नको. शेक म्हटलं की गरम पिशवी आठवते, आणि रेडिएशन दिलेल्या कातडीला गरम काही लावायचं नसतं. 'रेडिएशन (शेक, लाईट)' असं लिहा आणि खाली ही सूचना टाका. अहिराणीतलं पत्रक आईकडून तपासून देते, रविवारी पाठवते.