रोपं नकोत, आधी भरतीला वाट द्या

खाडीकाठ: काल इथे कुणीतरी आवाहन केलंय की नेरूळ-बेलापूरच्या खाडीकाठची तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, वाळताहेत, तर पावसाळ्यात सगळ्या सोसायट्यांनी मिळून रोपं लावू या. वाचून राहवलं नाही. तिवर मरतंय ते पाण्याची ये-जा थांबल्यामुळे. भराव पडला, रस्त्याखालचा पाइप गाळाने बुजला, की आत भरती पोचत नाही आणि साचलेलं पाणी ओहोटीला निघत नाही. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली श्वासमुळं हवा घ्यायला असतात. ती आठवडेच्या आठवडे बुडून राहिली तर झाड गुदमरणारच. त्याच डबक्यात नवं रोप खोचून काय साधणार? वाट उघडा, बी भरतीबरोबर आपोआप येतं. पावसाळ्यात तिवराची फळं पाण्यावर तरंगताना बघा. फ्लेमिंगो उतरतात त्या नेरूळच्या डीपीएस तलावाचं तेच झालं. भरतीच्या वाटा बुजल्या आणि 2024 च्या उन्हाळ्यात तलाव कोरडा पडला.

सेक्टर१५: 'वाट उघडा' म्हणायला काय जातं? इथला सखल भाग भरतीच्या पातळीखाली आहे. 26 जुलै 2005 ला आमच्या तळमजल्यावर मांडीपर्यंत पाणी होतं, आईला टेबलावर बसवलं होतं. आणि तुमच्या त्या आपोआप येणाऱ्या बियांनीच होल्डिंग पाँड, म्हणजे शहराचं पावसाचं पाणी थांबवायचे तलाव, भरलेत. गाळ साचला, त्यावर तिवरं उगवली, आता गाळ काढायलाही पालिकेला हायकोर्टाची पायरी चढावी लागते. आधी माणसं, मग झाडं.

खाडीकाठ: होल्डिंग पाँड माणसाने बांधलेला. भरतीला झडप मिटते, शहराचं पावसाचं पाणी आत थांबतं, ओहोटीला बाहेर जातं. तिथला गाळ कोर्टाच्या परवानगीने काढा, माझी हरकत नाही. पण त्या पाँडचं कारण सांगून खाडीकाठची कांदळवनं कोंडू नका.

सेक्टर१५: हरकत नाही म्हणे! याआधी गाळ काढायचा विषय निघाला तेव्हा इथेच किती गळे काढले होते लोकांनी. पंप बंद, झडपा गंजलेल्या, दर पावसाळ्यात गाड्या पाण्यात. विमा कंपनीच्या दारात चार महिने खेटे घातले मी. त्यावर एक धागा काढा कुणीतरी.

दिवाळेकर: विम्याचं नंतर बघू. आमच्या खारजमिनीच्या बांधाला उघाड्या होत्या, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची दारं. आजोबा भरती-ओहोटी बघून फळ्या घालायचे, काढायचे. फुटलेला बांध गावकीने रातोरात भरायचा. शहर आलं, जमिनी गेल्या, उघाड्या कुणाच्या राहिल्या नाहीत. बोईट, निवट्या हे मासे आणि चिंबोऱ्या मिळणार त्या पाणी खेळतं असेल तरच. जाळं टाकलं की आता प्लॅस्टिक येतं. आम्हाला कुणी विचारलं का पाणी कुठून येत होतं?

पक्षीवेडी: मला एकच भीती आहे. फ्लेमिंगोंना उघडा चिखल लागतो. सरसकट तिवरं माजली की ते उतरत नाहीत. रोपं लावणारे नेमका तोच मोकळा चिखल निवडतात, कारण तिथे चालायला सोपं जातं! 2025 मध्ये सरकारने डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली, पण भरती आत आली नाही तर त्या कागदाचा पक्ष्यांना काय उपयोग?

हिरवी_सोसायटी: काल आवाहन मीच केलं होतं. आमची मुलं चिखलात उतरतात म्हणून त्यांना खाडी कळते. नुसतं घरात बसून टीका करणाऱ्यांपेक्षा बरं.

खाडीकाठ: मुलांना जरूर आणा. फावडी घेऊन पाइपाच्या तोंडातला कचरा काढू या. रोप लावण्याइतकाच वेळ लागेल आणि त्याचा फायदा आधीच उभ्या असलेल्या झाडांना होईल.

दिवाळेकर: कचरा काढून भागणार नाही. आमच्याकडच्या रस्त्याखालचा पाइप खाडीच्या तळापेक्षा हातभर वर बसवलाय. भरतीचं पाणी आत जातं, ओहोटीला तेवढं हातभर तसंच राहतं. झाडं तिथेच कुजलीत. पाइप खाली घ्यायला हवा.

सेक्टर१५: पाइपाच्या तळाचं बरोबर आहे, तेवढं मान्य. पण खाली घ्याल तर झडप लावा. उधाणाच्या भरतीला पाऊस आला तर पाणी आमच्याच घरात शिरणार. हे लिहून द्या, मग मी विरोध करणार नाही.

दिवाळेकर: झडप लावा, पण ती रोज उघडणारा माणूसही नेमा. लावून कायमची बंद ठेवणार असाल तर पहिला विरोध माझा.