बारावी सायन्स, गणित पक्कं, जायचंय फायनान्समध्ये: बी.कॉम. की बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स?

धागाकर्ता: भाचीसाठी विचारतोय. सीए व्हायचंच असं काही नाही, पण दार बंद होऊ नये. मतं आणि कारणं दोन्ही लिहा.

ताळेबंद: बी.कॉम. किंवा बीएएफ (लेखांकन आणि वित्त विषयांची पदवी). डोळे झाकून. कर्जाचा प्रस्ताव असो की शेअरचं संशोधन, काम सुरू होतं ताळेबंदापासून. नफा 20 टक्के वाढला, पण येणी (ग्राहकांकडून यायची बाकी) त्याहून वेगाने फुगली आणि कामकाजातला रोख प्रवाह उणे झाला, तर तो नफा कागदावरचा. हे टिपायला जमाखर्चाच्या नोंदी हातातून जाव्या लागतात. शिवाय बी.कॉम.ची बरीच कॉलेजं सकाळची, त्यामुळे आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालचं सक्तीचं प्रशिक्षण) जमते. सायन्सला दुपारी प्रॅक्टिकल.

विदागार: डोळे उघडा की जरा! मोठ्या एनबीएफसींना (बँक नसलेल्या वित्तसंस्थांना) 2018 पासून इंड-एएस 109 हे लेखांकन मानक लागू आहे. कर्ज बुडण्याची शक्यता, बुडाल्यास होणारं नुकसान आणि तेव्हाची थकबाकी यांचा गुणाकार करून तरतूद काढतात. पहिला आकडा लॉजिस्टिक रिग्रेशनने (हो-नाही अशा घटनेची शक्यता काढायच्या सांख्यिकी पद्धतीने) काढायचा झाला तर बी.कॉम.चं स्टॅटिस्टिक्स पुरत नाही. अ‍ॅक्च्युअरीच्या (विम्यातली जोखीम मोजणाऱ्या तज्ज्ञाच्या) परीक्षेतल्या सीएस1 या सांख्यिकीच्या विषयाला तर आर ही संगणकभाषा वापरून सोडवायचा वेगळा पेपर असतो. लेखांकन नंतर शिकता येतं, संभाव्यता आणि रेषीय बीजगणित तिशीत शिकणारे फार थोडे.

ताळेबंद: 'नंतर शिकता येतं' हे सीए इंटरच्या (सीएच्या मधल्या परीक्षेच्या) निकालाला सांगा. प्रत्येक पेपरात 40 पुरत नाहीत, तीन पेपरांच्या ग्रुपमध्ये 300 पैकी 150 लागतात. 44, 47, 52 मिळवणारा सगळ्या पेपरांत पास आणि ग्रुपमध्ये नापास! पाया कच्चा असला की असंच होतं.

विदागार: मान्य. पण दार बंद होतं कुठे? पदवीला 60 टक्के असले की सायन्सवाल्यालाही फाउंडेशन (सीएची पहिली परीक्षा) न देता थेट इंटरला नोंदणी करता येते (कॉमर्सला 55). सीएफएची (गुंतवणूक-विश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेची) पहिली पातळी कुठल्याही शाखेतून देता येते, तीही पदवी पूर्ण व्हायच्या 23 महिने आधीपासून.

चौकटीबाहेर: दोघंही पदवीवर भांडताय, आधी काम ठरवा. ऑडिट, कर, कंपनीचा वित्तविभाग: बी.कॉम. आणि लगेच सीए. जोखीम मोजणं, विमा, क्वांट (गणिती मॉडेलवर चालणारं वित्तकाम): स्टॅटिस्टिक्स. बँकेत पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) व्हायचं तर कुठलीही पदवी चालते, तिथे परीक्षेत वेग लागतो. बीएमएस (व्यवस्थापनाची पदवी) घेणाऱ्यांनी मात्र सीईटीचं (राज्याच्या प्रवेश परीक्षेचं) आधी पाहावं. 2024 पासून अनेक कॉलेजांतला प्रवेश त्यातून होतो आणि अर्जाची तारीख बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी संपते. दरवर्षी कुणीतरी तिथेच अडकतं.

ताळेबंद: सतराव्या वर्षी काम ठरवणार कोण? म्हणून तर रुंद पाया म्हणतोय.

विदागार: रुंद म्हणजे गणितच हो. सायन्समधून कॉमर्सकडे वळता येतं, पण गणित सोडून बी.कॉम. केलेल्याला एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सला सहसा प्रवेश नाही.

धागाकर्ता: म्हणजे स्टॅटिस्टिक्स घेतलं तर लेखांकनाचं काय करायचं?

ताळेबंद: तिथे घालायचीच असेल तर पहिल्या सुट्टीत अकरावी-बारावीची बुककीपिंगची पुस्तकं उदाहरणांसकट सोडवून घ्या. घसारा, भागीदारी, अंतिम खाती. मग दर तिमाहीला एका सूचीबद्ध कंपनीचे निकाल आणि वर्षातून एकदा तिचा वार्षिक अहवाल, टिपांसकट. व्हिडिओ बघून चालणार नाही, हाताने खतावणी करायची (नोंदी खात्यांत उतरवायच्या).