नवे डिस्क पॅड टाकले आणि ब्रेक आधीपेक्षा ढिले! यवतेश्वरचा घाट उतरू का?

सातारकर_७४
मंडळी, ई-सायकल दोन वर्षं जुनी. मागच्या चाकात २५० वॉटची मोटर, बॅटरीसकट वजन २४ किलो, केबलचे डिस्क ब्रेक. पावसाळ्यात पॅड झिजून पत्रा लागला, म्हणून दोन्हीकडचे पॅड आणि दोन्ही डिस्क नव्या टाकल्या. आता लिव्हर दाबला की सायकल थांबते, पण तिच्या मर्जीनं. काल समर्थ मंदिराच्या उतारावर रिक्षामागे अक्षरशः चपला घासत थांबलो. ही म्हणते, जुनेच बरे होते. दुकानदार म्हणतो, "चालवा, बसतील आपोआप." शनिवारी यवतेश्वरला जायचंय. चढायला मोटर आहे, उतरायचं काय?

पंक्चरवीर
केबल ताणा की. दोन मिनिटांचं काम.

घाटमाथा
केबल ताणून लिव्हर वर येईल, पकड नाही येणार. पॅडच्या मालाचा पातळ थर डिस्कवर चढावा लागतो, तो नव्या डिस्कवर नसतो. जुन्या स्कूटरचं इंजिन रनिंगमध्ये असायचं, तसं हे ब्रेकचं रनिंग समजा. फरक एवढाच की हे मुद्दाम करावं लागतं.

पहाटे मोकळा सपाट रस्ता गाठा. मोटरच्या मदतीनं २० चा वेग घ्या, पेडल सोडा आणि फक्त पुढचा ब्रेक नेटानं, पण चाक न अडकवता दाबा. वेग चालण्याइतका झाला की सोडून द्या. पूर्ण थांबायचं नाही. तापलेला पॅड एका जागी दाबून ठेवला की तिथे डाग बसतो, मग प्रत्येक फेऱ्याला हँडल थरथरतं. असं पंधरा-वीस वेळा. मग २५ वरून आठ-दहा वेळा. थंड होऊ द्या, मग मागचा.

डिस्कला बोट लावू नका. माझ्याकडे एका मेकॅनिकनं साखळीला तेल मारताना डिस्कवरही फवारलं. पॅड पॉलिश पेपरनं घासले, दोन दिवस किंचाळत फिरलो, शेवटी फेकले. डिस्क पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कोरं फडकं, बस्स.

आणि लिव्हर दाबल्यावर मोटर बंद होते का ते पाहा. नाहीतर तुम्ही ओढताय आणि ती ढकलतेय.

सातारकर_७४
आज साडेपाचला सैनिक स्कूलच्या बाजूला गेलो. पुढचा दहाव्या-बाराव्या वेळेला एकदम चावायला लागला! पहाटे फिरायला आलेले एक काका थांबून बघत होते, त्यांना वाटलं सायकल बिघडलीय. मागचा मात्र अजून मवाळ. आणि मागच्या लिव्हरचा स्विच मेलेला निघाला, मोटर चालूच राहते.

घाटमाथा
मग ढकलतच होती! आधी स्विच बदला. केबलच्या बहुतेक कॅलिपरमध्ये (पॅड धरून ठेवणाऱ्या भागात) एकच पॅड हलतो, दुसरा जागेवर असतो. तो आतल्या बाजूच्या स्क्रूनं डिस्कच्या जवळ आणा, घासू देऊ नका. मग मागच्याचं रनिंग पुन्हा.

घाटात ब्रेक सतत धरून उतरू नका. मोटरसायकलसारखं गिअरमध्ये टाकून उतरणं इथे नाही, सगळा भार पॅडवर. वळणाआधी नीट दाबा, सोडा, हवा लागू द्या.

सातारकर_७४
स्विच शुक्रवारी येतोय म्हणे. यवतेश्वर पुढच्या शनिवारी. हिला सांगितलं, म्हणाली मी बसनं येते, वर भेटू.